उंचीचा सोस आणि चाकाची चाल



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, शेतीच्या अर्थकारणावर, पाणीवाटपावर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झालेली आहेत. त्यांच्या रांगेत मोटारीच्या कमानपाट्यांवर बोलावयास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच होतो. चिटणीसांनी आम्हांस ‘कामगार चळवळीचे आजचे प्रश्न’ हा विषय सुचविला होता. त्या विषयावर आम्ही बारा महिने गेटावर बोलतच असतो, आणि ऐकणारेही बहुधा तेच तेच असतात. म्हणून म्हटले, आज वेगळे बोलू. या सभागृहाबाहेर आत्ता तीन जीपगाड्या उभ्या आहेत. येताना आम्ही त्या वाकून पाहिल्या. तिन्ही उंच करून घेतलेल्या आहेत, आणि त्यांतली एकच नीट उंच केलेली आहे. कोणती ते भाषण संपेपर्यंत सांगणार नाही, नाहीतर उरलेले दोघे मालक मधूनच उठून जावयाचे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेराव्या वर्षी आम्ही एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. पाने पुसणे, चहा आणणे आणि गाडीखाली झोपून मिस्त्री मागेल तो नट त्याच्या हातावर ठेवणे, एवढे आमचे काम. पुढे मोटार कामगारांच्या संघटनेत आलो आणि पाना सुटून हातात पावतीपुस्तक आले. गाडीची कमान का वाकते आणि का तुटते हे गॅरेजातल्या दिवसांत आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. ते शिकावे लागले एका भांडणापायी. ते आधी सांगतो, म्हणजे या विषयाशी आमचा काय संबंध हे ध्यानात येईल.

आमचा एक सभासद घाटमाथ्यावरच्या एका विश्रामस्थळाच्या मालकाकडे जीप चालवीत असे. पाहुण्यांना कच्च्या वाटेने कड्यापर्यंत न्यावयाचे, सूर्यास्त दाखवावयाचा आणि परत आणावयाचे. मालकाने एके दिवशी ती जीप उंच करून घेतली. कमानी मूळच्या हाउसिंगच्या खाली होत्या, त्या वर घेतल्या. त्यांना लांब शॅकल लावले. मोठे टायर चढविले. शॉकअॅब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले आणि लोखंडाचे तुकडे जोडून त्यांची लांबी पुरी केली. गाडी दिसावयास मोठी झोकदार झाली. दोन महिन्यांनी, सहा पाहुणे घेऊन उतरत असताना, माणूस चालतो त्याहून फारशा अधिक नसलेल्या वेगाने एका वळणावर ती आडवी झाली. पाहुण्यांना खरचटण्यावर निभावले. चालकाचा उजवा हात मात्र कोपरापाशी मोडला. मालकाने लेखी दिले की चालक बेफिकीर होता, सबब कामावरून कमी केला आहे.

खरे सांगावयाचे तर पहिल्या दिवशी आम्हीही त्यालाच दोन शब्द सुनावले. दवाखान्यात त्याच्या खाटेशी उभे राहून म्हणालो, “अरे, पाहुणे गाडीत असताना जरा जपून चालवावी की नाही?” तो शांतपणे म्हणाला, “दादा, वळण संपलं तरी चाक सरळ येत नव्हतं. मी हात सोडला, पण ते आलंच नाही. मग खालनं काहीतरी ठण्णकन वाजलं आणि गाडी उचलली गेली.” घरी आल्यावर ही दोन वाक्ये आमच्या डोक्यातून जाईनात. चाक सरळ का आले नाही? आणि ठण्णकन वाजले ते काय?

आम्ही हमरस्त्यावरच्या एका कमानीवाल्याला गाठले. सत्तरी ओलांडलेला माणूस. वडाच्या झाडाखाली त्याची भट्टी, आणि ट्रकांचे तुटलेले पाटे जुळविण्यात जन्म गेलेला. त्याला घेऊन, ओळंबा व टेप खिशात टाकून, आम्ही ती गाडी पाहावयास गेलो. म्हातारा तिच्यासमोर उकिडवा बसला, खालून पाहिले आणि म्हणाला, “उंच न्हाई केली ही गाडी. पाय बांधल्यात हिचं.” त्या वाक्याचा अर्थ नीट कळावयास आम्हांस पुढे चार महिने लागले, काही इंग्रजी पुस्तके शब्दकोश घेऊन वाचावी लागली, आणि कागदावर बरेच आकडे मांडावे लागले. आज त्याचे सार आपल्यापुढे ठेवतो.

कमान आणि शॉक यांची कामे वेगळी आहेत, आणि बहुतेक घोटाळा ती एकच समजल्याने होतो. कमान, मग ती पाट्यांची असो वा गुंडाळीची, गाडीचे वजन उचलते आणि धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती ठेवीत नाही, लगेच परत करते. नुसत्या कमानीवर गाडी सोडली तर एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ नाचत राहील. शॉकमध्ये तेलात चालणारा दट्ट्या असतो. तेल बारीक छिद्रांतून ढकलावे लागते आणि त्या झटापटीत नाचण्याची शक्ती उष्णतेत जाते. खराब वाटेने पाच-दहा किलोमीटर गेल्यावर शॉकला हात लावून पाहा. चटका बसला तर समजा की तो काम करतो आहे. चारांतला एकच गार असेल तर त्याने नोकरी सोडलेली आहे.

आता ‘चाल’. चाक पूर्ण दबल्यापासून पूर्ण लोंबेपर्यंत जेवढे अंतर वरखाली जाऊ शकते, ती त्याची चाल. दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीचे एक चाक धोंड्यावर चढते आणि दुसरे खळग्यात उतरते. खळग्यातल्या चाकाला जमिनीपर्यंत पोचता आले पाहिजे. पोचले नाही, तर ते हवेत लटकते. साध्या डिफरन्शियलची रीत अशी की ज्या चाकाला विरोध नाही तेच फिरत बसते, आणि जमिनीवरचे चाक मुकाट उभे राहते. गाडी अडते ती इथे. म्हणून कच्च्या वाटेवरची गाडी पारखावयाची तर चारी चाके किती वेळ जमिनीला टेकून राहतात ते पाहावे. बॉनेट कितव्या बटणापर्यंत येते ते पाहू नये.

मग उंचीचे काय? येथे एक गोष्ट सांगतो, जी गाडी उंच करणारे शेकडा नव्वद लोक विचारात घेत नाहीत असे आमचे मत झाले आहे. ज्या गाडीला अखंड हाउसिंग आहे, तिची कमान कितीही उंच करा, हाउसिंगचा पोटातला गोळा जमिनीपासून आहे तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्माच. दोन इंच मोठा टायर घेतला तर दगड चुकविण्यासाठी एक इंच मिळाला. कमान उंच केल्याने वर जाते ती चासी आणि बॉडी. त्याचा उपयोग आहेच: बांध चढताना नाक घासत नाही, उंचवटा ओलांडताना पोट टेकत नाही, मोठ्या टायरला जागा होते आणि चाकाला लोंबावयास वाव मिळतो. पण ज्याला यांपैकी कशाची गरज नाही, त्याने पैसे देऊन घेतली ती नुसती डुलकी.

उंच करण्याच्या रीती चार-पाच आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे लांब शॅकल. कमानीचे एक टोक चासीला पक्के असते आणि दुसरे या झुलत्या दुव्याला. दुवा दोन इंचांनी लांब केला तर गाडी एकच इंच वर जाते, कारण दुसरे टोक जागचे हलत नाही. म्हणजे कमान तिरकी होते आणि तिच्यावर बसलेले हाउसिंगही तिरके होते. जुन्या जीपला पुढचा शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असतो. तेथे तो लांबविला की हाउसिंग पुढे झुकते, आणि चाकाच्या खुंटीला मागे जो कल दिलेला असतो तो कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो? सोडली तरी ती सरळ जावी म्हणून. मोटारीतही तेच आहे. तो कल गेला की वळणानंतर चाक आपण होऊन सरळ येत नाही. दवाखान्यातल्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आम्हांस इथे उलगडला. पाचरी घालून हा कल परत आणता येतो, पण त्यासाठी तो गेला आहे हे आधी कळावे लागते.

दुसरी रीत कमान हाउसिंगवर घेण्याची. जुन्या विलीज जीपला आणि १९८५ साली आलेल्या जिप्सीला कमानी हाउसिंगच्या खालून असत. त्या वर घेतल्या की हाउसिंगच्या नळीची आणि पाट्यांच्या थराची मिळून चार-पाच इंच उंची एका दिवसात मिळते, आणि नवी कमानही घ्यावी लागत नाही. म्हणून ही रीत गॅरेजवाल्यांची लाडकी. पण जोर लावल्यावर हाउसिंग स्वतःभोवती पीळ घेऊ पाहते, आणि आता त्याचा हात लांबल्यामुळे पाट्यांना नागमोडी वाक येतो. चढावर चाक थडथड उडते. प्रोपेलर शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालू लागतात. स्टिअरिंगचा दांडा उतरता होतो, त्यामुळे चाक खड्ड्यात दबले की गाडी आपोआप एका बाजूस ओढते. हे सारे दुरुस्त करता येते, आणि जे जाणते लोक ही रीत वापरतात ते करतातही. न करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण गिऱ्हाईक पैसे देते ते उंचीचे.

२०२० साली आलेल्या थारला पाटे नाहीत. चारी बाजूंना गुंडाळीच्या कमानी, पुढची चाके स्वतंत्र आणि मागे अखंड हाउसिंग. तिच्या पुढच्या शॉकच्या डोक्यावर चकती ठेवून उंची काढतात. चकतीने शॉकची चाल तसूभरही वाढत नाही. चाक फक्त खाली सरकते आणि आसाचे सांधे वाकडे चालतात. इंच-दीड इंचापर्यंत ते निभते. दोन इंचांपलीकडे सांध्यावरची रबरी टोपी फाटते, ग्रीस उडते आणि मग सांधा कटकट करू लागतो. मुळात ती गाडी जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. आमच्या ओळखीतल्या थारवाल्यांपैकी त्या सगळ्या मिलिमीटरांचा ज्याने खरोखर उपयोग केला आहे असा एकच आहे, आणि तो देवगडच्या बाजूला आंब्याच्या बागा सांभाळतो.

उरली योग्य रीत: आपल्या वजनाला बेतलेली नवी कमान आणि तिच्या मापाचा नवा शॉक. येथेही बाजारात जाण्यापूर्वी एक ध्यानात घ्यावे. हे जोड कोठल्या भूमीसाठी जन्माला आले? लांब चालीच्या शॉकचे मोठे विद्यापीठ म्हणजे मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाचे वाळवंट. तेथे १९६७ साली पहिली लांब पल्ल्याची शर्यत झाली. तेथल्या शर्यतीच्या ट्रकांची पुढची चाके दोन-दोन फूट वरखाली जातात, कारण वाळूच्या लाटांवरून त्यांना भयंकर वेगाने उडत जावयाचे असते. ऑस्ट्रेलियातील ओल्ड मॅन इमूसारख्या कमानी झाल्या त्या तेथल्या शेकडो किलोमीटरच्या पन्हाळी मातीरस्त्यांसाठी, वर पाण्याची पिंपे आणि तंबू लादलेल्या गाडीकरिता. माल उत्तम असतो, याविषयी वाद नाही. पण आपली वाट कोणती? सह्याद्रीतली गाडीवाट, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पावसाळ्यातला राब, पहिल्या गिअरमध्ये तासाला आठ किलोमीटर. येथे शॉक तापून उकळण्याची वेळ क्वचित येते. येथे हवी ती नरम, लांब लोंबणारी कमान आणि हळू गतीत गाडी आवरून धरणारा शॉक. सहाशे किलोमीटर वाळवंट तुडविण्यासाठी केलेली बाहेरच्या टाकीची नळकांडी लावून जो गाडी बाजारपेठेत फिरवितो, त्याचा आम्ही द्वेष करीत नाही. पण ती नळकांडी आमच्या एखाद्या चालकाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी पडतात, हेही विसरता येत नाही.

वजनाविषयी जरा सविस्तर बोलावे लागेल, कारण आमच्या माणसांचे हाल येथे होतात. ‘दोन इंच उंच करा’ म्हटले की कमानीवाला एखादा जादा पाटा घालतो किंवा जाड पाटे बसवितो. पाट्याचा हिशेब असा आहे की रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी सव्वापट केली तरी ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. उलट लांबी दुप्पट केली तर ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. म्हणून लांब, पातळ आणि जास्त पाट्यांची कमान मऊ; आखूड, जाड आणि थोड्या पाट्यांची ताठ. ताठ कमान रिकाम्या गाडीखाली बसतच नाही. बसत नाही म्हणून गाडी उंच दिसते, आणि मालक खूश होतो.

आता त्या बसण्याचा आणि माणसाच्या कण्याचा संबंध पाहा. गाडीच्या वजनाने कमान पंचवीस सेंटिमीटर बसत असेल तर ती सेकंदाला सुमारे एक झोका घेते. सहा सेंटिमीटर बसली तर दोन झोके. अडीच सेंटिमीटर बसली तर तीन. एक-दीड झोका माणसाला चालण्यासारखाच वाटतो, त्याने त्रास होत नाही. सेकंदाला चार ते आठ या गतीचे उभे हादरे मात्र माणसाच्या धडाला आणि कण्याला सर्वांत जास्त बाधतात. त्या गतीला धड स्वतःच थरथरू लागते. म्हणजे कमान जितकी ताठ, तितके आपण त्या वाईट प्रदेशाजवळ सरकतो. हौशी माणूस आठवड्यातून एक दिवस बसतो. ताडोबाच्या सफारीत किंवा आमच्याकडच्या वडापमध्ये जो रोज आठ-आठ तास बसतो, त्याच्या बाबतीत गाडीचा शेवटचा शॉकअॅब्सॉर्बर त्याचा मणकाच होतो, आणि तो बदलून मिळत नाही. आमच्या संघटनेत पन्नाशीच्या आत कमरेला पट्टा बांधलेले चालक बोटांवर मोजण्याच्या पलीकडे गेले आहेत. आम्ही मालकांशी वाटाघाटीला बसतो तेव्हा पगार, बोनस आणि रजा यांच्या जोडीला आता ‘कमानी व शॉक’ हे कलम घालतो. पहिल्या वेळी समोरचे गृहस्थ हसले होते.

तेव्हा कमान निवडताना पहिला प्रश्न उंचीचा नसून वजनाचा. गाडी रोज किती माणसांनिशी आणि किती सामानानिशी धावते? पुढे लोखंडी बंपर व विंच आहे का? गाडी आहे तशी, नेहमीच्या सामानासह, वजनकाट्यावर घ्यावी. पुढची चाके वेगळी, मागची वेगळी. उसाच्या आणि खडीच्या काट्यावर पन्नास-शंभर रुपयांत हे काम होते. ते आकडे घेऊन दुकानात जावे. जो दुकानदार ते आकडे न विचारता ‘जोड’ काढून देतो, त्याच्याकडून टायरची हवासुद्धा भरून घेऊ नये.

दुसरे काम मापाचे. हे घरी करता येते. गाडी सपाट जागी उभी करून शॉक काढून टाकावेत. एका बाजूचे चाक फळ्या-दगडांवर चढवीत जावे, रबरी गुटक्याला हाउसिंग टेकेपर्यंत. त्या बाजूला वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंतचे अंतर घ्यावे. हे सर्वांत कमी माप. पलीकडचे चाक लोंबलेले असेल, तेथले अंतर घ्यावे. हे सर्वांत जास्त. समजा पंधरा आणि तेवीस इंच आले. तर शॉक मिटल्यावर साडेचौदाच्या वर नको आणि उघडल्यावर साडेतेवीसच्या आत नको. चाल नऊ इंचांची झाली. आता गंमत अशी की शॉक कितीही चांगला असो, मिटल्यावर त्याची लांबी त्याच्या चालीपेक्षा चार-पाच इंच जास्तच राहणार. दांडा ज्या नळीत जावयाचा ती नळी, आणि वर दोन्ही टोकांच्या कड्या. म्हणून कोणी म्हणाला की मला बारा इंच चाल द्या, तर मिटलेल्या शॉकला सोळा-सतरा इंच जागा कोठून आणणार? एक तर खुंट्या हलवावयाच्या, नाहीतर गाडी उंच करावयाची. उंचीची खरी गरज निघते ती इथून. चाल ठरवावी, चालीवरून शॉक ठरवावा आणि शॉकवरून उंची. आपल्याकडे हा हिशेब शेंडीकडून सुरू होतो.

शॉक फार लांब घेतला तर काय होते? चाक दबताना रबरी गुटक्यापर्यंत पोचण्याआधीच दट्ट्या तळाला आपटतो, आणि सगळा धक्का एका बोटाएवढ्या खुंटीवर येतो. फार आखूड घेतला तर चाक लोंबताना सारे वजन शॉकच्या दांड्याला टांगले जाते आणि तो कधीतरी निखळतो. शॉक बरोबर असला तरी ब्रेकची नळी तेवढी लोंबते का ते पाहावे. लांब शॉक आणि जुनीच नळी ही जोडी आम्ही दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा नळी ताणून पांढरी पडली होती.

एकनळी घ्यावा की दुनळी, हा वाद तरुण मंडळींत फार चालतो. एकनळीत तेल बाहेरच्या भिंतीला लागून असते, म्हणून लवकर निवते, आणि मागे दाबलेला नायट्रोजन असल्याने तेलाला फेस येत नाही. पण तिच्या अंगावर धोंडा लागून पोचा पडला की आतला दट्ट्या अडला. दुनळीची बाहेरची नळी पोचा खाऊनही आतली शाबूत ठेवते. वेगात जाणाऱ्याने एकनळी घ्यावी. आमच्यासारख्या दगडांत रांगणाऱ्याने दुनळी घेतली तर कमीपणा मानू नये.

आता उलटण्याचा हिशेब. उदाहरणादाखल दोन चाकांतले अंतर १४०० मिलिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य ७०० वर धरा. कागदावर ही गाडी ४५ अंशांच्या उतारावर आडवी होईल. गुरुत्वमध्य शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच वर गेला, की ती ४१ अंशांवर जाईल. चार अंश गेले, त्यात काय, असे वाटेल. पण हे कागदावरचे, उभ्या आणि ताठ गाडीचे. प्रत्यक्षात कमान एका बाजूस दबते, माणसे एका बाजूस झुकतात आणि वळणाचा जोर वर येतो. मूळचीच शिल्लक थोडी असते, त्यातून हे चार अंश वजा होतात.

त्या वळणावर झाले ते हे. आमच्या कमानीवाल्याने पुढच्या उजव्या शॉकचे टोक दाखविले. ते आपटून आपटून चकचकीत झाले होते आणि खुंटी वाकलेली होती. त्याच्या शेजारच्या रबरी गुटक्यावरची धूळ मात्र जशीच्या तशी होती. हाउसिंग तिथपर्यंत कधी पोचलेच नव्हते. लोखंडाचा तुकडा जोडलेला शॉक आधीच तळाला लागत होता. उतारावर वळताना उजवे चाक चाकोरीत दबले, शॉक ठण्णकन लागला, कमान एकाएकी दगड झाली, आणि आधीच उंच झालेली गाडी त्या ठेचेने उलटली. चाक सरळ आले असते तर कदाचित सावरली असती. आम्ही त्या धुळीचे आणि त्या टोकाचे फोटो काढून मापांसकट तक्त्यात मांडले. कायद्याचीही मदत झाली. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकास दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. बाहेर उभ्या असलेल्या तीन गाड्यांच्या मालकांनीही हे ऐकून ठेवावे. काही करावयाचे असेल तर आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे आणि विमा कंपनीस कळवावे.

मालकाने तक्रार मागे घेतली, दवाखान्याचा खर्च आणि सात महिन्यांचा पगार दिला. गाडी मूळ स्थितीत आणली. आमच्या सभासदाचा हात पुरा सरळ झाला नाही. तो आता आमच्याच कार्यालयात पावत्या फाडतो. खाटेशी उभे राहून बोललेल्या त्या वाक्याबद्दल आम्ही त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, “दादा, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं.” ते खरे होते, आणि त्याचाच आम्हांस जास्त त्रास झाला. तीस वर्षे मोटार कामगारांचे पुढारी म्हणवून घेत होतो आणि गाडीच्या खाली काय चालते ते पाहावयास कधी वाकलो नव्हतो.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे. एकच राहिले: नवी कमान बसविल्यावर यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. पाटे एकमेकांवर बसतात, बोल्ट सैल पडतात आणि मग मधला बोल्ट कापला जाऊन हाउसिंग मागे सरकते. आणि ती नीट केलेली गाडी म्हणजे डाव्या बाजूची पांढरी. टेप आमच्या खिशात आहे. ज्यांना आपल्या गाडीचे माप पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर फाटकापाशी यावे, फक्त गाडीखाली झोपावयास एक जुने पोते आणावे.